दोन साक्षीदार

मला कोणतेंहि वाहन चालवितां येत नाहीं, ही गोष्ट आतां साठी उलटल्यावर मी मोकळेपणानें सांगूं शकतों. तरुणपणीं ती सांगायला लाज वाटे. मध्यम वयांत सबबी सांगाव्या लागत. आतां लोकच आपण होऊन मागची जागा देतात. मागें बसणाऱ्याला एक लाभ होतो. चालविणाऱ्याला फक्त रस्ता दिसतो; मागच्याला रस्ता सोडून बाकीचें सगळें दिसतें. गेल्या आश्विनांत मोटारसायकलीवरून नांदेडहून लातूरला जातांना हा लाभ अगदीं अनपेक्षितपणें उपयोगीं पडला. त्याचीच ही हकिकत.

प्रवासाचें कारण आनंदाचें नव्हतें. औसा तालुक्यांत आमचें एक जुनें माळवदाचें घर आहे. आई गेल्याला वर्ष होत आलें होतें. घर विकावें, असें लातूरला राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाचें, दादाचें, म्हणणें; घर ठेवावें, असें माझें. हा साधा मतभेद असता तर आम्हीं तो चहाच्या एका पेल्याबरोबर संपविला असता. पण आम्ही आपापलें मत मांडीतच नव्हतों. दोघेहि आईचें मत मांडीत होतों. "घर मोडूं नका रे," असें ती मला म्हणाली होती. "तें घर एकदांचें काढून टाक," असें ती आपल्याला म्हणाल्याचें दादा सांगे. दोन्ही वेळां तिसरें कोणी जवळ नव्हतें. दोघांपैकीं एकजण खोटें बोलत आहे, याखेरीज दुसरा अर्थ मला दिसत नव्हता. आणि तो एकजण मी नव्हतों, एवढें मला पक्कें ठाऊक होतें. दादालाहि बहुधा तितकेंच पक्कें ठाऊक असावें.

आठ महिने आम्ही दोघे भाऊ एकमेकांशीं त्याच्या मुलामार्फत बोलत होतों. हा माझा पुतण्या नांदेडला अभियांत्रिकी शिकतो. इकडचा शब्द तिकडे नेतांना त्याची धार थोडी बोथट करण्याची युक्ति त्या पोरानें या काळांत चांगलीच साधली होती. शेवटीं कागदांवर सह्या करण्यासाठीं मीं लातूरला यावें, असा निरोप त्यानेंच आणला. सही करणार नाहीं, हें सांगण्यासाठीं का होईना, जाणें भाग होतें. "काका, एस.टी. कशाला? माझ्या गाडीवर चला," तो म्हणाला.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं त्यानें मला गाडीचें गुणवर्णन ऐकविलें. आपण ज्याला 'रेस देणें' म्हणतों ती क्रिया या गाडींत निराळ्या रीतीनें होते. जुन्या गाडीच्या उजव्या मुठीपासून कार्बोरेटरपर्यंत एक केबल असे. मूठ पिळली कीं केबल ताणली जाई, आंतली झडप वर उचलली जाई, आणि हवा व पेट्रोल शिरून इंजिन जोरानें फिरूं लागे. हाताची ओढ इंजिनापर्यंत जशीच्या तशी पोंचे. या नव्या गाडींत ओढ अशी कांहीं पोंचतच नाहीं. मुठीपाशीं सेन्सर असतो. मूठ किती पिळली तें तो विजेच्या दाबाच्या रूपानें एका लहानशा संगणकाला कळवितो. संगणक इंजिनाची गति पाहतो, मागचें चाक घसरत नाहीं ना तें पाहतो, झडप किती उघडायची तें ठरवितो. आणि एक चिमुकली मोटर ती झडप तेवढी उघडते.

"म्हणजे तूं मूठ पिळतोस तो हुकूम नसतो, अर्ज असतो," मी म्हणालों.

"तसंच समजा, काका," तो हंसून म्हणाला, "पण अर्ज डोळ्याचं पातं लवायच्या आंत मंजूर होतो."

मधली दोरी तोडण्याची ही कल्पना विमानांत आधीं आली. २५ मे १९७२ रोजीं अमेरिकेच्या 'नासा' संस्थेचें एफ-८ जातीचें एक विमान संगणकाच्या भरंवशावर उडालें. वैमानिकाच्या हातांतला दांडा आणि विमान वळविणारे पडदे यांच्यामध्यें कसलाहि यांत्रिक सांधा त्यांत नव्हता, आणि तो संगणक चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांतल्या जातीचा होता. आपलें 'तेजस' विमान ४ जानेवारी २००१ रोजीं प्रथम उडालें, तेंहि याच पद्धतीनें. मोटारसायकलींत ही रीत २००६ सालच्या यामाहा आर-६ या गाडीनें आणली. आजहि आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक साध्या गाड्यांना केबलच असते. पण तरुणांच्या आवडीच्या गाड्यांतून ती आतां दिसेनाशी होऊं लागली आहे.

१९७२ हें साल ऐकलें कीं मला मात्र विमान आठवत नाहीं, सुतळी आठवते. तो बहात्तरचा दुष्काळ. अण्णा, म्हणजे आमचे वडील, ओव्हरसियर होते आणि दुष्काळी कामांवर देखरेख करीत. एका रविवारीं त्यांनीं आम्हां दोघां भावांना आपल्या जुन्या फटफटीवर बरोबर घेतलें, आणि औशाच्या अलीकडे तिची केबल तुटली. ऊन मी म्हणत होतें, आणि आसपास झाड म्हणून नव्हतें. अण्णांनीं सुकडीच्या रिकाम्या पोत्याची सुतळी उसविली, तिचें एक टोक केबलच्या उरलेल्या तुकड्याला बांधलें आणि दुसरें टाकीवर बसलेल्या दादाच्या हातीं दिलें. अण्णा "ओढ" म्हणाले कीं तो ओढी, "सोड" म्हणाले कीं सोडी. असे आम्ही घरीं पोंचलों. मी मागें अण्णांच्या पाठीला चिकटून बसलों होतों, आणि पुढच्याला मिळालेल्या त्या मानानें माझ्या पोटांत कालवाकालव होत होती. दादाच्या बोटावरचा लाल वळ मला अजून दिसतो.

आम्ही सकाळीं सातला निघालों. विष्णुपुरीचें पाणी आणि विद्यापीठाचा परिसर मागें पडला. दोन्ही बाजूंनीं सोयाबीनची काढणी चालली होती. शेतांत गंजी उभ्या होत्या आणि मळणीयंत्रांची धूळ कोंवळ्या उन्हांत तरंगत होती. सोनखेडला चहा झाला. हॉटेलापुढून गाडी वळवून रस्त्यावर आणली, तोंच समोरच्या तबकडीवर पिवळा दिवा लागला आणि गाडी रेस घेईना. मूठ पिळावी तर इंजिन आपलें मंद सुरांत गुरगुरत राही. पुतण्यानें किल्ली बंद केली, क्षणभर थांबून पुन्हां चालू केली. दिवा गेला आणि गाडी पूर्ववत् पळूं लागली. "कांहीं नाहीं, काका," तो म्हणाला. मीं कांहीं विचारलें नव्हतें.

लोह्याला पेट्रोल भरून पंपाबाहेर पडतांना पुन्हां तेंच झालें. त्यानें पेट्रोलांत भेसळ असल्याचा संशय घेतला. सोनखेडला दिवा लागला तेव्हां हें पेट्रोल टाकींत नव्हतें, हें मीं नम्रपणें नजरेस आणून दिलें. मग त्यानें बॅटरीची तपासणी केली. या गाड्यांत विजेचा दाब जरा उतरला तरी सेन्सर आणि संगणक यांचे बोलणें बिघडतें, म्हणून आधीं बॅटरीचीं टोकें पाहायचीं असतात. एक स्क्रू किंचित सैल होता, तो आवळला. फ्यूज पाहिला, तो शाबूत होता. माळेगांवपर्यंत गाडी गुणानें चालली. मार्गशीर्षांत खंडोबाच्या यात्रेला जेथें घोड्यांचा, उंटांचा आणि गाढवांचा बाजार भरतो, तेथें एका ट्रॅक्टरला वळसा घालतांना दिवा तिसऱ्यांदा लागला. आणि या खेपेस किल्ली चारदां फिरविली तरी तो विझेना.

गाडी बंद मात्र पडली नाहीं. ताशीं पंचवीस-तीस किलोमीटरांपलीकडे जायचें नाहीं, एवढाच तिनें निश्चय केला होता. रस्त्याच्या कडेकडेनें आम्ही अहमदपूरकडे सरकूं लागलों. बैलगाड्या मागें पडत होत्या एवढेंच समाधान. पण एवढ्या सावकाश गतीनें जातांना वाऱ्याचा आवाज थांबला आणि आम्हां दोघांना एकमेकांचें बोलणें ऐकूं येऊं लागलें.

"हिला झालंय तरी काय?" मीं विचारलें.

त्यानें मला जें समजाविलें तें असें. मुठीपाशीं सेन्सर एक नसतो, दोन असतात. दोघेहि एकच गोष्ट, म्हणजे मूठ किती पिळली आहे, स्वतंत्रपणें संगणकाला कळवितात. दोघांचें म्हणणें जुळलें तर संगणक विश्वास ठेवतो. जुळलें नाहीं तर दिवा लावतो आणि गाडीची गति रोखतो. कांहीं गाड्यांत तो झडप जवळजवळ बंदच ठेवतो. कांहींत, आमच्या गाडीप्रमाणें, लंगडत मुक्कामाला पोंचण्यापुरती मोकळीक देतो.

"पण दोघांतला खरा कोणता आणि खोटा कोणता, तें तो ठरवीत नाहीं?"

"कसं ठरवणार, काका? त्याच्याजवळ तिसरा नाहीं ना."

यावर मी बराच वेळ कांहीं बोललों नाहीं.

अहमदपुरांत एका गॅरेजापुढें गाडी लावली. मिस्त्री तिशीच्या आंतला, मोजकें बोलणारा. त्यानें प्रथम गाडीला हात लावलाच नाहीं. दिवा कधीं कधीं लागला, तेवढें विचारलें. पुतण्या गति, अंतर आणि पेट्रोल यांचे आंकडे सांगूं लागला. मग मागें बसणाऱ्याचा अधिकार वापरून मी म्हणालों, "मिस्त्री, मला यांतलं कांहीं कळत नाहीं. पण सरळ रस्त्यावर एकदांहि कांहीं झालं नाहीं. सोनखेडला हॉटेलापुढं, लोह्याला पंपावर आणि माळेगांवला ट्रॅक्टरपाशीं, तिन्ही वेळां गाडी अगदीं सावकाश होती आणि हँडल डावीकडं पुरतं वळलेलं होतं."

मिस्त्रीनें माझ्याकडे पाहिलें. "सर, अर्धं काम तुम्हीच केलं," तो म्हणाला.

वेगांत असतांना मोटारसायकल वळते ती कलून. हँडल त्या वेळीं जेमतेम हालतें. तें पुरतें फिरतें तें सावकाश वळतांनाच. म्हणजे दुखणें मुठींत नाहीं, संगणकांतहि नाहीं. हँडलबरोबर जी तार वाकते तींत असावें. मिस्त्रीनें इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली चालू केली, आणि मुठीच्या तारांच्या कप्लरमध्यें मागच्या बाजूनें सुई घालून मीटर लावला. सेन्सरला लागणारा पांच व्होल्टचा दाब बरोबर येत होता. मूठ हळूहळू पिळली तसा पहिल्या सेन्सरचा आंकडा संथपणें चढला आणि उतरला, दुसऱ्याचाहि. मग त्यानें मूठ तशीच धरून हँडल डावीकडे वळविलें. पहिल्याचा आंकडा जागच्या जागीं राहिला. दुसऱ्याचा एकदम शून्यावर आला. हँडल सरळ केलें, आंकडा परत आला. दोनचार वेळां पुढेंमागें केल्यावर तो सरळ हँडललाहि येईनासा झाला.

हँडलच्या मानेपाशीं तारांचा जुडगा प्लॅस्टिकच्या पट्टीनें करकचून आवळलेला होता. "ही पट्टी कोणी बांधली?" मिस्त्रीनें विचारलें. पुतण्याचा चेहरा उतरला. भ्रमणध्वनीला वीज मिळावी म्हणून त्यानें एक जास्तीची तार स्वतः जोडली होती, आणि ती लोंबूं नये म्हणून सगळ्याच तारा एकत्र आवळल्या होत्या. प्रत्येक वळणाला ओढ त्याच एका जागीं बसत गेली. पट्टी कापून मिस्त्रीनें ती तार माझ्यापुढें धरली. वरून ती अगदीं धड होती. रंगाचा टवकाहि उडालेला नव्हता. त्यानें ती दोन बोटांत दाबली तेव्हां एका ठिकाणीं ती उगाच मऊ लागली. "वरून धड दिसतीय, सर, आंतून तुटलीय," तो म्हणाला. वरचें वेष्टण सोलल्यावर आंतलीं तांब्याचीं केसासारखीं सुतें एकेक करून तुटलेलीं दिसलीं. दोनतीन तेवढीं शेवटपर्यंत तग धरून राहिलीं असावींत.

उशीर झाला होता. पुतण्याला एक झटपट उपाय सुचला. "दुसऱ्याची तार पहिल्यालाच जोडली तर? दोघांचं जुळेल आणि दिवा विझेल."

मिस्त्री पहिल्यानेंच हंसला. त्यानें मीटरवरचे आंकडे पुन्हां दाखविले. दोन्ही सेन्सर एकच गोष्ट सांगत असले तरी त्यांचे आंकडे एक नव्हते. दुसऱ्याचा आंकडा पहिल्याच्या निम्म्याच्या आसपास चालत होता. ही योजना मुद्दाम केलेली असते. दोन्ही तारा घासून एकमेकींना चिकटल्या तर दोन्ही आंकडे तंतोतंत सारखे येतील; आणि ते सारखे आले कीं संगणकानें ओळखावें, कांहीं तरी बिघडलें आहे. "आणि समजा तो फसलाच," मिस्त्री म्हणाला, "तर मग हिला चूक कळायची सोयच उरत नाहीं. मूठ सोडली तरी गाडी पळायला लागली, तर कोण थांबवणार?"

माझे एक वकील स्नेही म्हणत कीं, दोन साक्षीदार शब्दशः सारखें बोलूं लागले कीं ते पढविलेले आहेत असें समजावें. खरे साक्षीदार आपापल्या जागेवरून पाहतात. त्यांचे शब्द जुळत नाहींत, मेळ जुळतो. गॅरेजांतल्या उलट्या घातलेल्या डब्यावर बसून मी हें आठवीत होतों. आणि मनांत औशाकडचें तें घर उभें होतें.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हां आई त्या घरांत होती. आमच्या भागांतल्या घरांच्या भिंती मातींत बसविलेल्या दगडांच्या, आणि वर लांकडावर हातभर मातीचें माळवद. उन्हाळ्यांत याहून सुखाचें घर नाहीं. पण जमीन हालली तेव्हां त्याच मातीखालीं आणि दगडांखालीं हजारों माणसें झोंपेंत गेलीं. आमचें घर राहिलें, फक्त मधल्या भिंतीला एक भेग पडली. त्यानंतर आई पुष्कळ वर्षें अंगणांत झोंपली. दिवसा मात्र तिचा सगळा जीव त्याच घरांत असे. दर दिवाळीला ती त्या भेगेवरून आपल्या हातानें पांढऱ्या मातीचा हात फिरवी. मी नांदेडहून जाई तो दिवसाचा आणि संध्याकाळच्या एस.टी.नें परते. दादा लातूरहून जाई तो रात्रीं मुक्कामाला. तिच्या शेजारीं अंगणांत खाट टाकून तो झोंपे.

ही गोष्ट मला कधींच अज्ञात नव्हती. पण दिवसाची आई माझ्याशीं बोलली आणि रात्रीची दादाशीं, हें अहमदपूरच्या त्या डब्यावर बसेपर्यंत माझ्या ध्यानांत आलें नव्हतें. आठ महिने मी दोघांतला खोटा कोण तें ठरवीत होतों, आणि निकाल प्रत्येक वेळीं माझ्याच बाजूनें देत होतों. त्या हाताएवढ्या संगणकाला जी मर्यादा कळली होती, ती मला कळली नव्हती.

मिस्त्रीनें तुटलेला भाग कापून तेथें नवा तुकडा घातला, कथलाचा डाख दिला, वर नळी चढविली आणि ऊन देऊन ती आवळली. मग तार पुन्हां बसवितांना त्यानें तिला मानेपाशीं मुद्दाम एक सैल वळसा ठेवला. "हिला ढील पाहिजे," तो पुतण्याला म्हणाला, "वळायला जागा नसली कीं ती आंतून तुटते." हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत दहादां फिरविलें, आंकडे हालले नाहींत. शेवटीं मुठीला हात न लावतां किल्ली चालू करून तो थोडा वेळ थांबला, मिटलेली झडप म्हणजे कोठें तें गाडीनें पुन्हां नीट समजून घ्यावें म्हणून. इंजिन सुरू झालें, दिवा विझला. शिरूर ताजबंद, चाकूर कधीं गेलें तें कळलें नाहीं.

दादाच्या दारांत पोंचलों तेव्हां जेवणाची वेळ टळून गेली होती. त्यानें "ये" म्हटलें आणि तो वाट पाहत जेवायचा राहिल्याचें वहिनींनीं सांगितलें. कागद टेबलावर होते. जेवतांना उशिराचें कारण म्हणून मीं गाडीची सगळी हकिकत सांगितली, आणि ओघांत बहात्तरची सुतळीहि आली. दादा घांस हातांत धरून माझ्याकडे पाहत राहिला.

"मी टाकीवर? अरे, टाकीवर तूं होतास. सुतळी तुझ्या हातांत दिली होती अण्णांनीं. मी मागं बसून जळत होतों."

आम्ही दोघेहि आपापला हेका सोडीना. त्याला माझ्या बोटावरचा लाल वळ आठवत होता, मला त्याच्या. पुतण्या एकदां इकडे आणि एकदां तिकडे पाहत होता. "मग खरं कोणाचं?" त्यानें विचारलें.

"आमच्याजवळ तिसरा नाहीं," मी म्हणालों. तो समजला आणि हंसला. दादाला मग सगळें नीट सांगावें लागलें. दिवसाच्या आईचें आणि रात्रीच्या आईचेंहि. तो बराच वेळ गप्प होता. मग उठून त्यानें कागद कपाटांत ठेवले. "पाडव्यानंतर दोघं मिळून जाऊं," तो म्हणाला, "आधीं माळवद उतरवूं. वर पत्रे घालूं. विकायचं कीं ठेवायचं, तें मग पाहतां येईल."

घर अजून विकलेलें नाहीं, आणि ठेवायचें असेंहि ठरलेलें नाहीं. आमची गाडी सध्यां पंचवीस-तीसच्या गतीनें चालली आहे. पण निरोप घेऊन येणारा पुतण्या हल्लीं रिकाम्या हातानें येतो. दादा आणि मी एकमेकांशीं थेट बोलतों.